चार हिरव्या सोंगट्या

१

कुरिअरवाल्यानं हॉर्न दिला की मी हातातलं टाकून उठायचे. पार्सल जागृतीचंच असणार. माझ्या नावानं कोण काय पाठवतंय? पण दुपारी घरात मी हमखास सापडते, हे पळसदरीत येणाऱ्या सगळ्या कुरिअरवाल्यांना ठाऊक झालं होतं. “मावशी, सही करा.” मी ‘द्वारका’ एवढीच सही करते. सातवीपर्यंत शिकले, त्यातलं तेवढंच हाताला राहिलंय.

स्टेशनाकडून धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं भाताचं खाचर होतं. त्याच्या कडेला ह्यांनी बैठं जोडघर बांधलं. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला भाडेकरू. मध्ये एकच भिंत, तीही साडेचार इंची. पलीकडे कुणाला उचकी लागली तर इकडे मला पाणी प्यावंसं वाटायचं. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत. असल्या भिंतीला कान लावावे लागत नाहीत, ते आपोआप लागतात.

जागृती आणि योगेंद्र दोन वर्षं आमच्याकडे होते. ती कुंभिवलीच्या एका कंपनीत, तो खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर. त्यांची निशिगंधा सहा वर्षांची. शाळेची व्हॅन तिला एक वाजता सोडायची, तिथून आई येईपर्यंत पोर माझी. माझी लेक तेजश्री पनवेलला. तिची चिऊ चार वर्षांची, पण ती येणार मे महिन्यात, आंब्याबरोबर. हे दिवसभर धरणावरच्या एका बंगल्याची राखण करतात. म्हणजे घरात मी आणि भांडी. निशू होती म्हणून घर घर वाटायचं.

आमचा एक खेळ होता. ती तिच्या घरात, मी माझ्या. भिंतीवर तीन टकटक म्हणजे ‘आहेस का?’ आणि दोन टकटक म्हणजे ‘आहे’. एवढंच. पण सुट्टीच्या दिवशी ती पोर सकाळपासून तीस वेळा विचारायची, आणि मी तीस वेळा आहे म्हणायचे.

संक्रांतीनंतर पंधराएक दिवसांनी निशू माझ्याकडे आली ती एकाच वेणीची. दुसरी वेणी कानापाशी साफ. लाल रिबिनीची जोडी मीच घेतली होती तिला, त्यातली एकच उरली होती.

“अगं बाई, हे काय केलंस?”

पोरीनं मागं उभ्या आईकडे बघितलं. जागृती म्हणाली, “कागद कापायची कात्री घेऊन बसली होती, मावशी. घरात करायला काही नसलं की असं होतं.”

“मग दुसरी वेणी कुठं हाय?”

“टाकली,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

त्याच आठवड्यात तिनं मला सांगितलं, “उद्यापासून तुम्हाला त्रास नको. निशूला भरपूर खेळणी मागवलीत. तुम्ही काकांचा डबा घेऊन धरणावर जाता ना, तेवढ्यात योगेंद्र तिला आणून आत सोडेल आणि दुसऱ्या पाळीला जाईल. ती गुंतून राहते आता.”

“एकटी? कुलपात?”

“तुम्ही आहात की भिंतीपलीकडे. फक्त दार उघडू नका हं. लक्ष विचलित होतं तिचं.”

मला लागलं. दोन वर्षं ज्या पोरीला भरवलं, तिचं माझ्यानं लक्ष विचलित होतं? पण तोंडानं मी म्हटलं, “बरं बाई. तुमची पोर.”

२

पार्सलं येत राहिली. मी फोडत नव्हते, शपथ. पण पुठ्ठ्याच्या फटीतून खोक्यावरचं चित्र दिसतं, आणि कोपऱ्यावर वय छापलेलं असतं. पहिलं आलं ते ठोकळ्यांचं. तीन वर्षं व पुढे. मग रंगीत मातीचे डबे, पाच व पुढे. मग दोरा ओवून चित्र करायचं काहीतरी, आठ व पुढे.

फेब्रुवारी संपता संपता पाचशे तुकड्यांचं जोडचित्र आलं. बारा वर्षं व पुढे. मार्चमध्ये हजार तुकड्यांचं, चौदा व पुढे.

निशूला अजून ‘क्ष’ काढता येत नव्हता.

“जागृती, एवढं अवघड जमतं गं तिला?”

“लगेच संपवते, मावशी. पुरतच नाही.” ती हसली, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. घरात खेळण्यांचा डोंगर आणि आईला झोप नाही. मी मनात म्हटलं, आजकालच्या आया.

दुपारी भिंतीतून आवाज यायचे. ठोकळे एकावर एक चढल्याचे. कागद सरकल्याचे. फाशाचा खुळखुळ, मग सोंगटी सरकल्याची टिकटिक. पोर एकटीच दोघांचा डाव खेळत असेल, असं वाटायचं. बडबड मात्र अजिबात नाही. ही पोर झोपेतसुद्धा बोलायची. मी म्हटलं, खेळण्यांनी शहाणं केलं.

न राहवून मी भिंतीवर टकटक करायचे. तीन.

थोडं थांबून पलीकडून दोन.

तेवढ्यावर माझा दिवस जायचा, खरं सांगते. भाकऱ्या थापता थापता मध्येच उठून पिठाच्या हातानं विचारायचे. भिंतीवर माझ्या बोटांचे पांढरे ठसे उठले होते. दरवेळी उत्तर यायचं. एकदाही चुकलं नाही.

आमच्यात वाटी-डब्याची देवाणघेवाण आधीपासूनची. मी काही गोडधोड केलं की स्टीलचा छोटा डबा तिकडे जायचा, आणि तो रिकामा परत यायचा नाही. आमच्या भागात रिकामं भांडं कुणी कुणाला परत देत नाही. चिमूटभर साखर घालतील, दोन पेरू घालतील, काही नसलं तर तुळशीची चार पानं घालतील. जागृती साखर घालायची.

त्या महिन्यात मी पुरणपोळी दिली, तर डब्यातल्या साखरेत एक हिरवी सोंगटी. लुडोची.

“निशूनं दिलीय तुमच्यासाठी,” जागृती म्हणाली. “जपून ठेवा हं.”

मला भरून आलं. पोर विसरली नव्हती मला. मी ती सोंगटी देवाच्या फळीवर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. पुढच्या खिरीला दुसरी आली. घावनांना तिसरी, नारळीभाताला चौथी. चारही हिरव्या. मी इतकी खुळी, की मुद्दाम काहीतरी करून डबा पाठवत होते.

३

एप्रिलची दुपार होती. मी ह्यांचा डबा पोचवून आले, पाय धुतले, भिंतीपाशी बसले. तीन टकटक केली.

लगेच दोन आली. हल्ली लगेच यायची.

तेवढ्यात अंगणात स्कूटी थांबली. जागृती, अवेळी. आणि तिच्या मागे निशू, गुडघ्याला पट्टी बांधलेली, शाळेच्या गणवेशात.

“आजीकडे जिन्यात पडले,” निशू दारातून मला बघून म्हणाली. “कर्जतच्या आजीकडे. मी रोज दुपारी तिथंच असते. तू का नाय येत गं मावशी तिकडं?”

माझा हात अजून भिंतीवरच होता.

आणि भिंतीतून पुन्हा दोन टकटक आली. मी न विचारता. घाईनं, ‘ऐकू नाय आलं का?’ म्हणावं तशी.

जागृतीनंही ऐकलं. हे मी कुठल्याही देवापुढे सांगेन. कारण कुलूपबंद घरातून आवाज आला तर माणूस आधी त्या दाराकडे बघतं. तिनं दाराकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, मला काय कळलं ते चाचपत.

“जागृती, मग आत कोण हाय?”

“आत कुठे कोण? भास झाला असेल, मावशी. उन्हातून आलात ना.”

“दोन महिने भास व्हतोय मला?”

“घूस असेल,” ती म्हणाली आणि निशूला कडेवर उचललं. सहा वर्षांच्या पोरीला. आत गेली नाही. स्कूटी वळवून परत कर्जतच्या रस्त्याला लागली.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “घूसच असणार. दुसऱ्याच्या घरात किती कान घालशील?” मीही मनाची समजूत घालत राहिले. घूस टकटक करेल, फ्रिज करेल, पत्रा तापून करेल. पण मोजून दोन?

४

घर आमचं, त्यामुळे एक किल्ली माझ्याकडे होतीच. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी ती घेऊन गेले. आधी हाक मारली, “कोण हाय का?” आणि माझा मलाच राग आला. कुलूप लावलेल्या घराला काय विचारायचं?

बाहेरची खोली स्वच्छ. आतल्या खोलीत खिडकी बंद, पडदा ओढलेला, पंखा चालू. पंखा कुणासाठी?

भिंतीकडेनं सगळी खेळणी मांडलेली होती, पण पोरं मांडतात तशी नाही. ठोकळे रंगाप्रमाणे, एकाला एक लावून, केस जाणार नाही इतके सरळ. हजार तुकड्यांचं चित्र पूर्ण झालेलं, आणि पालथं. म्हणजे चित्राची बाजू खाली आणि पुठ्ठ्याची कोरी बाजू वर. चित्र न बघता जोडलेलं. मी वाकून बघितलं, एक तुकडा कमी नव्हता.

मध्ये चटईवर लुडो. लाल सोंगट्या अर्ध्या वाटेवर. हिरवं घर रिकामं. लालच्या बाजूला एक पाट ठेवलेला, माणूस बसेल असा. हिरव्याच्या बाजूला काही नाही. चटई मात्र तिथं दबलेली.

शेजारी मातीचा निळा गोळा होता. मी तो उचलला. आत कुणीतरी मूठ दाबली होती. तळवा माझ्या अंगठ्याएवढा, चिऊच्या तळव्याहूनही लहान. आणि बोटांचे ठसे तिथून निघून गोळ्याला पूर्ण वळसा घालून पुन्हा तळव्यापाशी आलेले.

गोळा गरम होता. हातात धरून मळल्यासारखा.

मी तो ठेवला. मी स्वतःला म्हणत होते, द्वारके, पोरांच्या मातीचं काय खरं, ताणली गेली असेल. उन्हाळा आहे, माती गरमच राहणार. पाट निशूचा असेल. सगळ्याला उत्तर होतं. एकेकाला उत्तर देत मी भिंतीला हात टेकवला. पलीकडे माझं घर. माझी फळी, माझा देव, चुलीपुढची माझी जागा. बाहेरून कडी लावून आले होते मी.

भिंतीवर टकटक झाली. पलीकडून. माझ्या घरातून.

तीन.

५

मी दहा-बारा दिवस जागृतीशी बोलले नाही, तीही बोलली नाही. तिच्या बाजूनं आता दुपारी काहीच आवाज येत नव्हता. आवाज माझ्याकडे होते. पत्र्याच्या डब्यात सोंगट्या हलल्याचे. फळीवर काही सरकल्याचे. तांदळाच्या डब्यात एकदा हात घातला तर दाणे ओळीनं रचलेले, शेकड्यांनी, आणि मी हात घालताच ती ओळ मोडली.

आणि एक दिवस धरणावरून परत आले तर घर रिकामं. टेंपो भरून गेलासुद्धा. दोन वर्षांचे शेजारी, ‘येतो’ म्हणायला थांबले नाहीत. किल्ली माझ्या कडीला अडकवलेली. उंबऱ्यावर खेळण्यांची खोकी, एकावर एक, सगळी. त्यांच्यावर माझा स्टीलचा छोटा डबा, घासून लख्ख केलेला.

त्यात साखर होती. साखरेत फासा.

मी फोन लावत राहिले. सातव्यांदा तिनं उचलला.

“मावशी, मी उचलणार नव्हते.”

“जागृती, काय ठेवलंस गं माझ्या घरात?”

पलीकडे गाडीचा आवाज. मग हळूच, निशूला ऐकू जाऊ नये अशी ती बोलली. “मला माहीत नाही ते काय आहे. संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले होते, कंपनीतल्या एका बाईकडे. तिनं वाणात लुडो दिला. वाण कोणी परत करतं का?”

“आणि तू मला दिलंस.”

“त्याला फक्त गुंतवून ठेवायचं. हाताला काही ना काही द्यायचं. नुसतं बसू द्यायचं नाही.”

“आणि बसलं तर?”

“निशूनं वेणी कापली नव्हती, मावशी.”

मी देवाच्या फळीकडे बघितलं. “मग मीच का गं? तुझ्या पोरीला मी... मीच का?”

“तुमच्या घरात लहान कोणी नाही ना,” ती म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं, पण लाज नव्हती. “आणि तुम्हीच म्हणायचात, घर खायला उठतं म्हणून.”

“माझी चिऊ येती मे महिन्यात!”

“मग नका येऊ देऊ,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. तो पुन्हा लागला नाही.

म्हणजे साखर, ‘निशूनं दिलीय’, ‘जपून ठेवा’, सगळं ठरवून. एकेक सोंगटी हसून माझ्या हातात दिली तिनं. आणि मी डबा पाठवून पाठवून मागून घेतल्या.

६

पत्र्याचा डबा मी धरणात टाकला. घरी आले तर फळीवर होता, बाहेरून ओला. नंतर तो प्रयत्न केला नाही.

आता आठवड्यातून एकदा मी कर्जतच्या बाजारात जाते. खेळण्यांच्या दुकानातला हरेश ओळखायला लागलाय. “मावशी, नातवंडं लई हुशार दिसतात तुमची! ह्याच्यापेक्षा अवघड माझ्याकडं नाय.” मी म्हणते, “असंल तेवढं दे.” सकाळी पुढ्यात ठेवते, दुपारपर्यंत संपलेलं असतं. मग लुडो. ते त्याला पुरतं, कारण त्यात समोर कुणीतरी लागतं. मी खाटेसमोर जमिनीवर बसते, लाल घेते. हिरव्या खाटेखालच्या अंधारात असतात. मी फासा टाकते, आत सरकवते. आतून तो परत येतो. माझा डाव होईपर्यंत ते थांबतं. तेवढी रीत आहे त्याला. मी ती धरून जगत होते.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी फासा खाटेखालून बाहेर आला तो जरा जास्तच बाहेर आला, आणि त्याच्यामागे हात. क्षणभर. बोटं फाशाला दोनदा गुंडाळलेली. मनगट काडीसारखं, आणि त्यावर काहीतरी काळं, बांगडीसारखं वळसे घातलेलं. शेवटाला लाल रिबीन होती, नीट गाठ मारलेली. मग दुसरा हात आला, पहिल्याच्या शेजारी, आणि तसाच उघडा पडून राहिला. दाखवायला आणल्यासारखा.

त्याच्या मनगटात काही नव्हतं.

मी तिथूनच तेजश्रीला फोन लावला. “येऊ नको गं. आम्ही गावाला चाललोय.”

“आई, चिऊनं पिशवी भरून ठेवलीय! पंधरा दिवस नाचतेय पोर.”

“नको म्हटलं ना.”

“तू कधीपासून अशी झालीस?” ती म्हणाली. मग, “बरं. पुन्हा विचारणार नाय मी.” माझी लेक आहे, तेवढ्यावर थांबते ती. फोन ठेवल्यावर मी फासा उचलला. डाव माझा होता.

शेजारचं घर मी कुणाला देणार नव्हते. ह्यांनीच मला न विचारता दिलं, मुरबाडकडच्या एका कुटुंबाला. त्यातली बाई जना, हसरी, आल्या दिवशी ताटलीत गोड शिरा घेऊन आली. तिच्या मागे पाच-सहा वर्षांची मुलगी, दोन घट्ट वेण्या, पिवळ्या रिबिनी.

“घ्या मावशी. आता तुमचाच आधार आमाला.”

दुसऱ्या दिवशी ताटली परत करायची होती. मी ती घासली, पुसली. मुठीत हिरवी सोंगटी होती. कधी घेतली ते आठवत नाही. साखर घातली. सोंगटी साखरेत ठेवली. खोटं कशाला सांगू? ठेवली. डोळ्यांपुढे चिऊची भरलेली पिशवी होती. अशा चार ताटल्या आणि एक फासा, की माझी लेक, माझी नात, माझं घर मला परत. जागृती अशीच उभी राहिली असेल, ओट्यापाशी.

मग मी सगळी साखर सोंगटीसकट काढली आणि ताटली पदरानं कोरडी केली. जनाच्या हातात रिकामी दिली.

तिनं ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हसू गेलं. “आमच्याकडं रिकामं भांडं देत नाय, मावशी.”

“आमच्याकडंबी नाय देत,” मी म्हटलं. “पण माझ्याकडनं कधी काय घेऊ नको. आणि पोरीला माझ्या घरात पाठवू नको.”

दार आपटून तिनं मला उत्तर दिलं. मी म्हटलं, बरं झालं. मला शिव्या घाल, गावभर सांग, पण दूर राहा. बऱ्याच दिवसांनी छाती हलकी झाली होती. मी येऊन खाटेसमोर बसले, फासा टाकला. पाच पडले. आत सरकवला.

तेवढ्यात भिंतीवर टकटक झाली. पलीकडून, लहान हाताची. नव्या घरातली पोर, भिंत कशी वाजते ते बघत असेल. मी मांडीवर दोन्ही हात घट्ट दाबून धरले.

पोरीनं पुन्हा वाजवलं. तीन.

खाटेखालून, भिंतीच्या अगदी तळाशी, उत्तर गेलं. दोन.

पलीकडे पोर खुदकन हसली. मी ओरडत उठले, “जने! पोरीला उचल! भिंतीपासनं उचल!” आणि उठता उठता खाटेखाली बघितलं. हिरव्या सोंगट्या तशाच मांडलेल्या होत्या. फासा मी टाकला तिथं, पाच दाखवत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच समोरचा डाव टाकून ते निघून गेलं होतं.